परत येणार कशावरून?

पूर्वीं आमच्या वऱ्हाडांतून कोणी काशीयात्रेस निघाला, म्हणजे त्यास पोंचवावयास अर्धा गांव वेशीपर्यंत जात असे. जाणारा जो नमस्कार करी तो शेवटचा समजूनच करी. राहणारेही 'परत आला तर देवाची कृपा' असें मनांत म्हणत. तो सुखरूप आला तर मावंदें घालीत. न आला तर काशीस देह पडला, सोनें झालें, असें समाधान मानीत. पण 'तूं परत येशील याला पुरावा काय?' असें त्यास घाटावर कोणी विचारीत नसे. हा प्रश्न आम्हांस, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, चौतीस वर्षें शाळेंत मुलांची हजेरी घेतल्यानंतर, विचारला गेला. आणि त्याचें उत्तर आमच्याजवळ कागदावर नव्हतें. तें कां नव्हतें, तें मिळवितांना घरांत काय घडलें, आणि हाच प्रश्न ज्यांच्यापुढें आज ना उद्यां येणार आहे अशा कुटुंबांनीं आगाऊ काय करून ठेवावें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

आमची धाकटी कन्या विवाहानंतर पतीसह युरोपांतील एका नगरांत राहते. देशाचें नांव मुद्दामच सांगत नाहीं. कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें त्या एका देशास नव्हे तर एकोणतीस देशांस बहुतेक सारखेंच लागू आहे, आणि आमच्या पहिल्या अर्जाचें जें झालें त्याचा दोष आम्हांस कोणाच्या माथीं मारावयाचा नाहीं. २०२५ च्या माघांत तिचें बाळंतपण अपेक्षित होतें. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, हा आपल्याकडचा रिवाज. पण तिला त्या अवस्थेंत इतका प्रवास करणें शक्य नव्हतें. तेव्हां लेक माहेरीं येत नाहीं तर माहेरानेंच लेकीकडे जावें, असें घरांत ठरलें. आमच्या सौभाग्यवतींनीं डिंक व मेथ्या निवडावयास घेतल्या, आणि आम्ही कागद जुळवावयास बसलों.

हा कागद आला कोठून?

पारपत्र, ज्यास सारे पासपोर्ट म्हणतात, आणि व्हिसा, म्हणजे परक्या देशानें दिलेला प्रवेशाचा परवाना, हीं दोन्ही मनुष्याच्या पाठीस लागलीं तीं फार जुन्या काळापासून नव्हेत. आमच्या पणजोबांच्या काळीं समुद्र ओलांडण्यास मोठा अडथळा होता तो शास्त्राचा. समुद्रयान कलिवर्ज्यांत गणलें गेलें होतें, व विलायतेहून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. म्हणजे जाणाऱ्यास परदेश अडवीत नसे, येणाऱ्यास स्वतःची आळी अडवी! सरकारी कागदाची अडचण त्या मानानें थोडी होती. पहिल्या महायुद्धापूर्वीं युरोपांतील बहुतेक देशांत प्रवाशास पारपत्रावांचून हिंडतां येत असे; रशिया व तुर्कस्थान हे त्याला मोठे अपवाद होते. १९१४ सालीं युद्ध पेटलें, हेरांचें भय वाटूं लागलें, आणि प्रत्येक राष्ट्रानें आपल्या सीमेवर पहारा बसविला. तात्पुरता म्हणून बसविलेला तो पहारा युद्ध संपल्यावर उठला नाहीं. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें परिषद भरली व तींत पारपत्राच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतही पारपत्राचा कायदा झाला.

त्या कागदाचा प्रताप महाराष्ट्रानें तत्पूर्वींच पाहिला होता. १९१८ सालीं स्वराज्याची मागणी विलायतेच्या लोकांपुढें मांडावी म्हणून लोकमान्य टिळक शिष्टमंडळासह निघाले. बरोबर तात्यासाहेब केळकर होते, आमच्या वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डेही होते. मंडळी कोलंबोस पोंचली, तोंच त्यांचीं पारपत्रें रद्द केल्याचा हुकूम येऊन थडकला, आणि सर्वांस परत फिरावें लागलें. पुढें त्याच वर्षीं चिरोलवरील खटल्याच्या कामासाठीं म्हणून लोकमान्यांस विलायतेस जावयास मिळालें, ही गोष्ट निराळी. योगायोग असा कीं, ज्या कोलंबोंतून ही मंडळी परत फिरली, त्याच सिंहलद्वीपांत १९४३ ते १९४७ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांतील वणीचे लोकनायक बापूजी अणे हे हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून राहिले.

स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणें न देणें हें बराच काळ सरकारच्या मर्जीवर होतें. १९६७ च्या एप्रिलांत सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, परदेशगमनाचें स्वातंत्र्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षीं २४ जून रोजीं पारपत्राचा सध्यांचा कायदा झाला. तेव्हांपासून आपल्या दारांतून बाहेर पडण्याचा हक्क आपला आहे. परंतु दुसऱ्याच्या दारांतून आंत शिरण्याचा हक्क आपलें न्यायालय आपणांस देऊं शकत नाहीं. तेथें घरधन्याची मर्जी चालते. व्हिसा म्हणजे ती मर्जी, कागदावर चिकटविलेली.

एकोणतीस भावांचा वाडा

युरोपांतील या व्यवस्थेस 'शेंगेन' असें म्हणतात. शेंगेन हें लक्झेंबर्ग देशांत मोझेल नदीच्या कांठचें एक लहानसें गांव. १४ जून १९८५ रोजीं तेथें नदींतील एका नौकेवर बेल्जियम, नेदरलंड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स व पश्चिम जर्मनी या पांच देशांनीं आपसांतील सीमांवरील तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. पुढें एकेक देश येऊन मिळाला. २०२३ च्या आरंभीं क्रोएशिया आला, व १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया व रुमानिया हे पूर्णपणें सामील झाल्यानें संख्या एकोणतीस झाली.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही व्यवस्था समजावयास कठिण नाहीं. एकोणतीस भावांचा एक वाडा आहे असें समजा. प्रत्येकाचें बिऱ्हाड निराळें, भाषा निराळी, चूल निराळी. पण दिंडीदरवाजा एक, आणि आंतील दारांस एरवीं कडी नाहीं. पाहुणा कोणाही भावाचा असो, तो एकदां दिंडींतून आंत आला कीं साऱ्या वाड्यांत हिंडूं शकतो. म्हणूनच दिंडीवरचा द्वारपाल इतका खोदून विचारतो. कारण एका भावाची चूक अठ्ठावीस भावांस भोंवते. स्वित्झर्लंड व नॉर्वे हे युरोपीय संघांत नसूनही या वाड्यांत राहतात. आयर्लंड संघांत असून वाड्याबाहेर आहे. आणि इंग्लंड तर या वाड्यांत कधींच राहावयास आलें नाहीं. तेव्हां लंडनचाही बेत असेल त्यानें तेथील परवाना वेगळा काढावा.

कागदावरचा मनुष्य

आतां आमची हकीकत. २०२४ च्या मार्गशीर्षांत आम्हीं पहिला अर्ज केला. एका मध्यस्थानें सांगितलें कीं, बँकेच्या खात्यांत भरपूर रक्कम दिसली पाहिजे. आमच्या खात्यांत ती नव्हती. निवृत्तिवेतन जमा झालें कीं दुसऱ्या दिवशीं तें काढून वडील बंधूंच्या हातीं द्यावयाचें, हा आमचा चाळीस वर्षांचा परिपाठ. नोकरींत असतां पगाराचें हेंच होई. घरखर्च, शेतीचा खर्च, लग्नेंमुंजी, सर्व दादा पाहतात. तेव्हां आम्हीं एका स्नेह्याकडून चार लक्ष रुपये उसने घेऊन अर्जापूर्वीं आठ दिवस खात्यांत भरले. धामणगावहून रात्रीच्या गाडीनें मुंबईस गेलों, बोटांचे ठसे दिले, व समाधानानें परत आलों.

पौषांत पारपत्रें परत आलीं. आंत व्हिसा नव्हता. एक छापील कागद होता. त्यावर नकाराचीं कारणें क्रमानें छापलेलीं असून एका कारणापुढें खूण केलेली होती. त्याचा आशय असा कीं, परवान्याची मुदत संपण्यापूर्वीं आपण आमचे देश सोडून परत जाल याविषयीं वाजवी शंका आहे.

खरें सांगावयाचें तर तो कागद वाचून आम्हांस राग आला. ज्या घरांत जन्मलों त्याच घरांत म्हातारे झालों. बदली झाली तेव्हां तालुक्याच्या गांवाहून रोज सायकलीनें घरीं परत येत गेलों. आणि आम्ही परत येणार नाहीं! सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं निवडलेल्या मेथ्यांचा डबा उचलून फळीवर ठेवला. माघांत कन्या प्रसूत झाली, नातू झाला. बाराव्या दिवशीं त्याचें बारसें आम्हीं यवतमाळांत बसून दूरध्वनीच्या कांचेंत पाहिलें. पाळण्याची दोरी जांवईबापूंच्या हातीं होती.

राग ओसरल्यावर मात्र, शाळामास्तराची जुनी खोड म्हणून, आम्हीं आमचाच अर्ज परक्याची उत्तरपत्रिका समजून तपासला, आणि आम्हांसही तो नापासच करावा लागला. त्या कागदावरचा मनुष्य पाहा. त्याच्या नांवावर घर नाहीं. नगरपालिकेच्या दफ्तरांत घर वडील बंधूंचें. शेत नाहीं; कळंब तालुक्यांतील आमच्या कपाशीच्या शेताच्या सातबाऱ्यावर दादांचेंच नांव, व त्यापुढें 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, हीं तीन अक्षरें. तीं अक्षरें म्हणजेच आम्ही. पण तें परदेशच्या कारकुनास कसें कळावें? वेतन येतें तें दुसऱ्या दिवशीं नाहींसें होतें. मग एकाएकीं चार लक्ष रुपये येतात, ते कोठून आले याचा पत्ता नाहीं. कन्या तिकडे, मन तिकडे, आणि इकडे बांधून ठेवणारें कांहीं नाहीं! जो मनुष्य आपली सारी मिळकत कुटुंबाच्या ओंजळींत घालतो, तो कागदावर निष्कांचन दिसतो. ज्या गोष्टीचा आम्हांस अभिमान होता, तीच आमच्याविरुद्ध साक्ष देत होती.

उपाय उघड होता: शेतावर व घरावर आमचें नांव लागलें पाहिजे. पण एकत्र कुटुंबांत हें वाक्य उच्चारणें म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको. वडील वारल्यास चाळीसांवर वर्षें झालीं. एवढ्या काळांत 'माझें नांव लावा' असें या घरांत कोणी म्हटलें नाहीं. तीन रात्री आम्हांस झोंप आली नाहीं. चौथ्या दिवशीं तो नकाराचा कागद दादांपुढें ठेवला, मराठींत अर्थ सांगितला, आणि काय करावें लागेल तेंही सांगितलें.

दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, चष्मा काढून ठेवला, व म्हणाले, "वांटणी हवी असेल तर सरळ माग. विलायतेचें निमित्त कशाला?"

यावर आमच्यानें उत्तर देववेना. आम्ही उठून ओटीवर जाऊन बसलों. आंतून वहिनींचा आवाज आला. त्या दादांसमोर क्वचितच बोलत, पण त्या दिवशीं म्हणाल्या, "चाळीस वर्षें ज्यानें पगार तुमच्या हातांत ठेवला, तो आतां वांटणी मागेल होय? तुमच्या मागें हें घर कोणाचें, तें कागदानें सांगावें, एवढेंच ना? तें तुम्हींच करून ठेवायला हवें होतें." त्यानंतर बराच वेळ घरांत कोणी बोललें नाहीं. रात्रीं जेवणें मुकाट्यानें झालीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही संध्या करून उठतों तों दादा कोट घालून, हातांत जुन्या कागदांची पिशवी घेऊन, ओटीवर उभे. आम्हांस म्हणाले, "घर माझ्या नांवावर म्हणून तूं बिनघराचा ठरलास, हें मला ठाऊक नव्हतें. चल तलाठ्याकडे." फेरफाराचा अर्ज झाला, हरकतींसाठीं पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत घेणारें कोणी नव्हतें. फाल्गुन लागण्यापूर्वीं सातबाऱ्यावर आमचें नांव आलें, धाकट्या पुतण्यांचींही आलीं. आणि वांटणी मात्र झाली नाहीं. चूल एकच आहे.

दुसरा अर्ज

महाशिवरात्रीनंतर आम्हीं दुसरा अर्ज केला. त्यास नवा सातबारा व त्याचें इंग्रजी भाषांतर जोडलें. घर, चूल व उत्पन्न सामाईक असल्याचें दादांचें प्रतिज्ञापत्र जोडलें. निवृत्तिवेतनाचा आदेश जोडला. उसने पैसे परत केले होते. बँकेचा उतारा जसा होता तसाच ठेवून, दरमहा रक्कम कोठें व कां जाते, चार लक्ष कसे आले व कसे गेले, हें एका पानाच्या पत्रांत सरळ लिहिलें. कन्याजांवयांनीं निमंत्रणपत्र, तेथील वास्तव्याचा परवाना, वेतनाचे दाखले व बाळाचा जन्मदाखला पाठविला. पहिला नकार लपविला नाहीं. तो लपविण्यांत अर्थही नसतो, कारण तो सर्व देशांच्या सामाईक दफ्तरांत नोंदलेला असतो. होळीच्या सुमारास पारपत्रें परत आलीं. या वेळीं आंत व्हिसा होता. सौभाग्यवतींनीं फळीवरचा डबा खालीं काढला.

नियम, थोडक्यांत

ज्या कुटुंबांस हा प्रसंग यावयाचा आहे त्यांच्यासाठीं नियम क्रमानें देतों.

पारपत्र गेल्या दहा वर्षांत काढलेलें असावें, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने त्याची मुदत असावी, व त्यांत दोन पानें कोरीं असावींत. आमच्या जिल्ह्याचें काम नागपूरच्या पारपत्र कार्यालयाकडे असतें. पारपत्रावरील नांव, जन्मतारीख व पतीचें नांव हीं इतर कागदांशीं अक्षरशः जुळलीं पाहिजेत. आमच्या पिढींतील स्त्रियांचे शाळेचे दाखले माहेरच्या नांवाचे असतात, ही गांठ आधीं सोडवावी.

अर्ज ज्या देशांत मुख्यतः राहावयाचें त्याच देशाकडे करावा. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जेथें प्रथम उतरणार त्याच्याकडे. निघण्यापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत, आणि निदान पंधरा दिवस आधीं, अर्ज द्यावा. निर्णय साधारणतः पंधरा दिवसांत होतो. अधिक चौकशी निघाल्यास पंचेचाळीस दिवसही लागतात. शुल्क जून २०२४ पासून नव्वद युरो आहे. सहा ते बारा वर्षांखालील मुलांस पंचेचाळीस, व सहा वर्षांच्या आंतील मुलांस माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचें शुल्क निराळें. नकार मिळाल्यास ही रक्कम परत मिळत नाहीं. बोटांचे ठसे एकदां दिले म्हणजे एकुणसाठ महिने पुन्हां मागत नाहींत.

आजारपणाचा व अपघाताचा निदान तीस हजार युरोंचा विमा लागतो, आणि तो सर्व एकोणतीस देशांत लागू असावा. यजमानाचे कागद देशपरत्वें थोडे बदलतात. जर्मनींत राहणाऱ्या यजमानास तेथील परकीय नागरिकांच्या कचेरींत जाऊन पाहुण्याच्या खर्चाची विहित नमुन्यांतील हमी देतां येते. फ्रान्समध्यें यजमान आपल्या नगरपालिकेकडून निवासाचा दाखला घेतो.

नकार आल्यास तो लेखी व सकारण असतो, व त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार असतो. परंतु दोष आपल्याच कागदांत असेल तर तो दुरुस्त करून नवा अर्ज करणें, हेंच आम्हांस सरळ वाटलें. 'हमखास व्हिसा काढून देतों' म्हणणाऱ्यापासून दूर राहावें. तशी हमी देण्याचा अधिकार दूतावासाबाहेर कोणासही नाहीं.

जे एकदां जाऊन वेळेवर परत येतात त्यांचा मार्ग पुढें सोपा होतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठीं असा नियम आहे कीं, गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट पाळले असतील, तर पुढें दोन वर्षांचा, अनेक वेळां जातां येईल असा व्हिसा मिळूं शकतो. व त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरत असल्यास, पांच वर्षांचा. म्हणजे वेळेवर परत येणें हाच परत येण्याचा सर्वांत बळकट पुरावा.

दिवसांचें गणित

कोणत्याही एकशेंऐंशी दिवसांत नव्वद दिवस, एवढीच राहण्याची परवानगी असते. उतरण्याचा व निघण्याचा, असे दोन्ही दिवस हिशेबांत धरतात. आम्ही रामनवमीचा उत्सव आटोपून निघालों व १० एप्रिल २०२५ रोजीं तेथें उतरलों. एप्रिलचे एकवीस, मेचे एकतीस, जूनचे तीस, मिळून ब्यायशीं झाले, उरले आठ. म्हणजे ८ जुलै हा नव्वदावा दिवस. 'तीन महिने' म्हणून ढोबळ हिशेब करणारा १० जुलैस निघाला असता तर दोन दिवसांचा अपराधी ठरला असता. आणि पूर्ण नव्वद दिवस राहिलेल्यास पुन्हां पाऊल ठेवावयाचें तर ७ ऑक्टोबरपूर्वीं तें शक्य नव्हतें.

यांतही एक खुबी आहे. व्हिशाच्या चिठ्ठीवर दोन तारखा असतात, आणि दिवसांचा एक निराळा आंकडा असतो. दोन तारखांमधील अंतर मोठें व आंकडा लहान, असें पुष्कळदां असतें. राहावयाचें तें आंकड्याप्रमाणें. आमच्या वेळीं पारपत्रावर शिक्का मारीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र येण्याजाण्याची नोंद यंत्रांत करण्याची नवी पद्धति टप्प्याटप्प्यानें सुरू झाली, व दिवस यंत्रच मोजूं लागलें. यंत्र विसरत नाहीं, आणि रदबदलीही ऐकत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. व्हिसा असला तरी विमानतळावरील अधिकारी पुन्हां विचारूं शकतो: कोठें राहणार, कशासाठीं आलां, परतीचें तिकीट कोठें आहे? तेव्हां कागदांची एक प्रत सामानाच्या पेटींत न ठेवतां हातांतील पिशवींत ठेवावी.

शिदोरी

बाळंतिणीसाठीं डिंकाचे लाडू व घरचें तूप न्यावें, असें प्रत्येक आईस वाटणार. परंतु युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांसाचे व दुधाचे पदार्थ आणतां येत नाहींत, आणि तूप हा दुधाचाच पदार्थ. ताजीं फळें व भाज्या रोगमुक्ततेच्या दाखल्यावांचून चालत नाहींत. म्हणजे आंबा व कढीलिंब दोन्ही घरींच ठेवावीं. नारळ, केळें, खजूर, अननस व डुरियन एवढ्यांस मात्र त्या दाखल्याची अट नाहीं. विमान आखाती देशांतून जाणार असेल तर खसखस मुळींच घेऊं नये. संयुक्त अरब अमिरातींत ती निषिद्ध आहे. सौभाग्यवतींनीं डिंक, सुंठ, खारीक व भाजून दळलेल्या मेथ्या नेल्या, नातवाच्या ओटीसाठीं एक नारळ नेला, आणि तूप तेथल्या लोण्याचें कढविलें. तें कणीदार निघालें, हें दादांना दूरध्वनीवर दाखविण्यांत आलें.

तेथें काय पाहिलें याचें वर्णन येथें करीत नाहीं. तें लिहिणारे पुष्कळ आहेत. आमचा वेळ नातवास मांडीवर घेण्यांत व स्तोत्रें म्हणून दाखविण्यांत गेला. बारसें हुकलें होतें. पण तो प्रथम कुशीवर वळला तेव्हां आम्ही जवळ होतों.

आषाढी एकादशीस, ६ जुलै रोजीं, आम्ही निघालों. सीमेवरील तरुण अधिकाऱ्यानें आमच्या शिक्क्यावरची तारीख पाहिली, मनांत दिवस मोजले, आणि कांहीं न बोलतां पारपत्रें परत दिलीं. मुंबईहून रात्रीची गाडी धरून ८ तारखेच्या सकाळीं धामणगावास उतरलों. पाऊस लागला होता. दादा छत्री घेऊन फलाटावर उभे होते. या वयांत त्यांनीं येऊं नये म्हणून आम्हीं गाडीची वेळ मुद्दाम कळविली नव्हती. आम्हीं वांकून नमस्कार केला. ते म्हणाले, "किती दिवस झाले?"

"अठ्ठ्याऐंशीं."

"नव्वदांची मुभा होती ना?"

"होती."

"मग दोन राखलेस. बरें केलेंस."

आमच्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं लेकीसुनांच्या दिवसांची वाट न पाहतां, स्वस्थपणीं, चहाच्या वेळीं, घरांतील वडिलांसमक्ष हा विषय काढावा. सातबारा, घरपट्टी, बँक, यांत प्रत्येकाचें नांव जेथें असावयास पाहिजे तेथें आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें. नांव लागल्यानें घर दुभंगत नाहीं. तें मनानें दुभंगतें, आणि मनाची नोंद कोणत्याही दफ्तरांत होत नाहीं. दारीं वाट पाहणारें माणूस असणें, हाच परत येण्याचा खरा पुरावा. पण तो दूतावासास दाखवितां येत नाहीं, म्हणून त्याच्या जोडीस कागदही असूं द्यावा.